टायलरच्या शाळेचा दरवाजा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात टायलर नावाचे शहर आहे. गुलाबाच्या बागांसाठी ते प्रसिद्ध. 1977 साली तेथील शाळा मंडळाने ठरविले की, ज्या मुलांपाशी देशात कायदेशीर आल्याचा कागद नाही त्यांनी वर्षाला 1000 डॉलर फी भरावी. ही मुले बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची. सरकारी शाळेत फुकट शिकणाऱ्या पोरांना हा आकडा म्हणजे सरळ नकारच होता. 1975 च्या राज्य कायद्याने शाळांना तशी मुभाच दिली होती.

चार कुटुंबे कोर्टात गेली. ओळख उघडी पडू नये म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली. आईबाप आले ते मोटारीत सामान भरून. कोर्टातूनच हद्दपार केले तर तयारी असावी! मुलाच्या शाळेसाठी घरदार पणाला लावणारी ही अडाणी माणसे आम्हां मास्तर मंडळींना फार जवळची वाटतात. तालीम कशाला म्हणतात, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते.

15 जून 1982 रोजी सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 अशा मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती समान संरक्षण देते ते ‘व्यक्ती’ला, केवळ नागरिकाला नव्हे, आणि आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना देणे न्यायाचे नाही, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडले. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये असे म्हटले, त्याच्या सत्तावीस वर्षे आधीची ही गोष्ट.

पण या निकालाने दिला तो शाळेचा हक्क, वतनाचा नव्हे. मूल बारावीपर्यंत शिकले, इंग्रजीत स्वप्ने पाहू लागले, की पुढे नोकरी, परवाना, कॉलेजची सरकारी मदत, प्रत्येक खिडकीवर कागदाची विचारणा. अनेकांना आपण ‘बेकायदा’ आहोत हे तेव्हाच कळले.

अशांना सामावून घेण्याची रीत अमेरिकेत पूर्वी नव्हती असे नाही. 1929 च्या कायद्याने 3 जून 1921 पूर्वी आलेल्यांची, प्रवेशाची नोंद नसली तरी, नोंदणी करून घेतली. ती तारीख वेळोवेळी पुढे सरकत गेली. 1986 मध्ये रेगन यांच्या कारकिर्दीत ती 1 जानेवारी 1972 झाली, शिवाय त्याच कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. त्यानंतर तारीख हललीच नाही. आमच्या मते खरी गोम इथेच आहे.

2001 च्या ऑगस्टमध्ये डर्बिन आणि हॅच या दोन विरोधी पक्षांच्या सिनेटरांनी लहानपणी आणलेल्या मुलांसाठी ‘ड्रीम’ विधेयक आणले. सिनेटमधील सुनावणी 12 सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी काय घडले ते वाचकांना सांगायला नको. त्या धुरात कोणाकोणाचे काय गेले याचा हिशोब अजून लागायचा आहे. सुनावणी रद्द झाली. 2010 च्या डिसेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले, तर सिनेटमध्ये 60 मते हवी होती, पडली 55.

मग 15 जून 2012 रोजी, टायलरच्या निकालाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, ओबामांनी ‘डाका’ योजना जाहीर केली. सोळा वर्षांच्या आत आलेल्यांना दोन वर्षांपुरते अभय आणि कामाचा परवाना. नागरिकत्वाचे नाव नाही. आठ लाखांहून अधिक तरुणांना तिचा लाभ झाला. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने ती गुंडाळू पाहिली, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते अडविले, 2021 मध्ये टेक्सासच्याच एका न्यायाधीशाने नव्या अर्जांची मंजुरी थांबविली. गंमत अशी की, पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांनी रीतसर व्हिसावर नेलेल्या मुलांना ही योजना लागूच नव्हती, कारण ती कायदेशीर आलेली! ग्रीन कार्डाच्या रांगेत एकविसावे वर्ष लागले की त्यांचेही छत्र जाते.

‘डाका’तील थोरली ‘मुले’ आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. अमेरिकेत जन्मलेली त्यांची लेकरे शाळेत जातात. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये टेनेसी राज्याच्या सिनेटने, कागद नसलेल्या मुलांना शाळांनी नाकारावे किंवा त्यांच्याकडून फी घ्यावी, अशी मुभा देणारे विधेयक मंजूर केले. कनिष्ठ सभागृहात ते त्या वर्षी अडकून पडले.