चासीचा सांधा आणि हवेचा अडसर

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली दोन माणसांची एक छोटी मोटार तयार केली. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीत ते पुढे अनेक वर्षे सुधारणा करत राहिले, पण तिचे व्यापारी उत्पादन कधी झाले नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग वापरून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. दोन्ही गाड्या स्वतःच्या हिमतीवर बनलेल्या. अशी गाडी बनवणाऱ्यापुढे पहिला मोठा प्रश्न असतो तो सांगाड्याचा, म्हणजे चासीचा. तिचे सांधे कोणत्या वेल्डिंगने जोडावेत? याचे उत्तर शोधताना वेल्डिंगचा इतिहास उपयोगी पडतो.

पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. तेवढी उष्णता मिळवणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. वितळलेल्या पोलादात हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरले, तर सांधा सच्छिद्र व ठिसूळ होतो. चासीला रस्त्यावर लाखो हादरे बसतात. प्रत्येक हादरा लहान असला तरी सांध्यातील एखाद्या छिद्रापाशी तडा सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो. म्हणून वेल्डिंगच्या प्रत्येक पद्धतीला एक प्रश्न विचारावा : ही पद्धत हवेला दूर कशी ठेवते?

फ्रान्समध्ये एडमंड फूशे आणि शार्ल पिकार यांनी १९०३ च्या सुमारास ऑक्सिजन-ॲसिटिलीनची बत्ती तयार केली. तिच्या ज्योतीचे तापमान ३१०० अंशांच्या आसपास जाते. ज्योतीच्या बाहेरच्या भागात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जळतात व भोवतालचा ऑक्सिजन वापरून टाकतात. म्हणजे ज्योत स्वतःच सांध्याचे पांघरूण होते. पहिल्या महायुद्धातील फोकर विमानांचे पोलादी नळ्यांचे सांगाडे गॅसनेच जोडले जात. पातळ नळीला ही पद्धत आजही चालते. मात्र काम सावकाश होते, उष्णता दूरवर पसरते आणि लांब पट्टी वाकडी होते.

विजेच्या ठिणगीची वाट वेगळी होती. रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ साली धातूचीच काडी वितळवून सांधा भरला. पण उघड्या काडीच्या सांध्यात हवा शिरे. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काडीवर लेप चढवला. लेप जळून वायू निघतो आणि वर खपली धरते. दोन्ही मिळून सांध्याचे रक्षण करतात. अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा फाटक जोडणारी पद्धत हीच. उघड्या अंगणात, वाऱ्यातही ती काम देते. चार-सहा मिलिमीटर जाडीला उत्तम, पण दीड-दोन मिलिमीटरच्या नळीला चटकन भोक पडते.

मीरा तयार होत होती तेव्हा लहान कार्यशाळेला परवडणाऱ्या वेल्डिंगच्या पद्धती मुख्यतः या दोनच होत्या. तिसरी अमेरिकेत नुकतीच जन्मली होती. विमानातील मॅग्नेशियम जोडण्यासाठी रसेल मेरेडिथ यांनी १९४१ साली टंगस्टनची न वितळणारी काडी आणि भोवती हेलियम वापरला. हीच टिग पद्धत. आपल्याकडचे कारागीर तिला ‘आर्गन’ म्हणतात. तिचा सांधा सर्वांत स्वच्छ असतो, पण हात बसायला फार सराव लागतो. १९४८ साली बॅटेल संस्थेत मिग पद्धत विकसित झाली. तीत तारच सतत पुढे सरकत वितळते. १९५३ पासून पोलादासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरात आला, म्हणून कारखान्यातले तिचे नाव ‘सीओटू’. ठिणगीत या वायूचे विघटन होऊन थोडा ऑक्सिजन सुटतो. तो शोषण्यासाठी तारेत मँगनीज व सिलिकॉन असतात.

सीओटू लवकर शिकता येते, आणि धोकाही त्यातच आहे. खालचे पोलाद वितळलेलेच नसताना वर सुरेख रेघ उमटते. दिसायला सांधा पक्का, प्रत्यक्षात नुसता चिकटलेला. वाऱ्याने वायू उडाला तर आत छिद्रे राहतात. म्हणून बंदिस्त शेडमध्ये, पातळ नळीसाठी, सराव झाल्यावर सीओटू; जाड पट्टीसाठी आणि उघड्यावर काडी; अनुभवी हात आणि वेळ असेल तर आर्गन किंवा गॅस, अशी निवड शहाणपणाची. कोणतीही पद्धत घेतली तरी गंज आणि रंग घासून काढणे व तुकडे नीट बसवणे सुटत नाही.

लोहारांच्या जीपचे कौतुक करताना आनंद महिंद्रा यांनीही ती नियमांत बसत नसल्याचे म्हटले होते आणि बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी व्हावी लागते. गाडीत बसणाऱ्याला सांध्याचे अंतरंग दिसत नाही, म्हणून ही अट.

शाळेजवळच्या कारागिराकडून पोलादाचे दोन तुकडे उलट्या टी अक्षरासारखे एकाच बाजूने जोडून घ्या. सांधा थंड झाल्यावर कारागिरालाच उभा तुकडा सांध्याच्या बाजूला हातोड्याने पाडायला सांगा आणि तुटलेला भाग भिंगातून पाहा. छिद्रे, अडकलेली खपली, न वितळलेली कड ओळखता येते. वेल्डिंग चालू असताना मात्र विद्यार्थ्यांनी ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये.