कुसळ, मुसळ आणि मतपेटी

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी वाक्यं सारखी केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण तो सुचला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

झालं असं, की माझ्या नावडत्या पक्षातल्या एका नेत्याचं लफडं बाहेर आलं, तेव्हा मी ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला होता. जो घरात प्रामाणिक नाही, तो देशाशी काय राहणार, वगैरे. दोन वर्षांनी माझ्या आवडत्या पक्षातल्या एकाचं तसंच प्रकरण निघालं. तेव्हा मी लिहिलं, ‘खाजगी आयुष्य आहे त्याचं, काम बघा ना.’ माझ्या चुलत बहिणीने दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून टाकले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘अरे, हे दोन्ही तूच लिहिलंयस ना?’

मी उत्तर दिलं नाही. पण नेमकं त्याच दिवसांत मी अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांच्या राजकारणाबद्दल वाचत होतो, आणि ताईचा प्रश्न डोक्यातून जाईना.

सुरुवात १९७६ पासून करू. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार. जॉर्जियातल्या प्लेन्स या छोट्या गावचे, भुईमुगाची शेती असलेले, सदर्न बॅप्टिस्ट. चर्चमध्ये रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारा माणूस. त्यांनी ‘प्लेबॉय’ मासिकाला मुलाखत दिली आणि सांगितलं, की आपण परस्त्रीकडे वासनेने पाहिलंय, मनात व्यभिचार केलाय. देशभर हसू झालं. पण त्यांचा पुढचा मुद्दा फारसा कुणी ऐकला नाही. त्यांचं म्हणणं होतं, की म्हणूनच बायकोशी एकनिष्ठ असलेल्याने तसं नसलेल्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू नये. हा सरळ येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा धडा आहे. आपण मराठीत ‘कुसळ आणि मुसळ’ म्हणतो ना, मराठी बायबलमध्ये त्याच प्रवचनात तेच शब्द आहेत.

कार्टर निवडून आले. चार वर्षांनी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले रोनाल्ड रेगन. घटस्फोटित, चर्चला फारसे न जाणारे, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ साली गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेले. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो पाळकांच्या मेळाव्यात रेगन म्हणाले, की तुम्हाला मला जाहीर पाठिंबा देता येत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. टाळ्यांचा कडकडाट! आणि रविवारच्या शाळेचा मास्तर हरला.

रेगन यांच्यामागे जोर लावणाऱ्यांत जेरी फॉलवेल होते. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक. १९७९ साली त्यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. आता गंमत बघा. मार्च १९६५ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग सेल्माहून कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मोर्चा काढत होते, तेव्हा याच फॉलवेलनी प्रवचन दिलं होतं, की पाळकांचं काम आत्मे वाचवण्याचं आहे, राजकारणाचं नाही. किंगही बॅप्टिस्ट पाळकच होते, बरं का. म्हणजे धर्म तोच, पंथ तोच. चौदा वर्षांत बदललं एवढंच, की मोर्चा कुणाचा आहे.

मी प्रोग्रामर आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. एखाद्या फंक्शनला तेच इनपुट दिलं आणि दरवेळी वेगळं उत्तर आलं, तर आत कुठेतरी न दिसणारा एक व्हेरिएबल बसलेला असतो. इथे तो व्हेरिएबल म्हणजे पक्ष.

आता १९९८. बिल क्लिंटन आणि मोनिका लुइन्स्की प्रकरण. क्लिंटनसुद्धा सदर्न बॅप्टिस्ट! त्या जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने ठरावच केला, की लोकप्रतिनिधीचं खाजगी चारित्र्य महत्त्वाचं आहे आणि त्याकडे डोळेझाक केली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. मला हा ठराव पटतो.

पण त्याच काळात संसदेत काय चाललं होतं? रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांचं स्वतःचंच विवाहबाह्य प्रकरण सुरू होतं. ते त्यांनी २००७ मध्ये जेम्स डॉब्सन यांच्या ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमात कबूल केलं. माझा आक्षेप क्लिंटनच्या खोट्या साक्षीला होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी यायचे होते बॉब लिव्हिंगस्टन. त्यांचंही प्रकरण निघालं, आणि महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशीच, १९ डिसेंबर १९९८ ला, त्यांनी सभागृहात माघार जाहीर केली. मग सभापती झाले डेनिस हॅस्टर्ट. व्हीटन या नामांकित इव्हँजेलिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी, शाळेतले कुस्तीचे कोच. साधा, सज्जन गडी म्हणून निवडलेले. आठ वर्षं ते त्या खुर्चीत होते. २०१६ मध्ये त्यांना १५ महिन्यांची कैद झाली. गुन्हा बँक व्यवहारांचा होता, पण ते पैसे गप्प राहण्यासाठी दिले जात होते. कोच असताना त्यांनी मुलांवर लैंगिक अत्याचार केले होते. त्याची मुदत कायद्याने संपलेली.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. डेमोक्रॅट्स तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? १९९८ ला ‘खाजगी आयुष्य खाजगी’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण २०१६ ला चारित्र्यावर बोलू लागले.

पण आकडे सगळ्यात बोलके आहेत. पीआरआरआय या संस्थेने २०११ मध्ये विचारलं होतं, की खाजगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी फक्त ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, तोच प्रश्न विचारला. ७२ टक्के ‘हो’! कुठलाच धर्म न मानणारे दोन्ही वेळा साठीच्या आसपासच होते. पुढच्या महिन्यात, एक्झिट पोलनुसार, गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ८१ टक्क्यांनी ट्रम्पना मत दिलं.

त्यांची बाजूही ऐकू. ते म्हणतात, आम्ही पाळक निवडत नाही, राष्ट्राध्यक्ष निवडतो. बायबलमधला कोरेश राजा कुठे यहुदी होता? तरी देवाने त्याच्याकडून काम करून घेतलंच. आणि काम झालंही. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांमुळे जून २०२२ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’चा निकाल रद्द झाला. हा युक्तिवाद पोकळ नाही. माझा प्रश्न एवढाच, की तो १९९८ साली का नाही सुचला?

हाच प्रश्न त्यांच्यातल्याही काहींनी विचारला. बिली ग्रॅहम यांनी स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’चे संपादक मार्क गॅली यांनी डिसेंबर २०१९ मध्ये लिहिलं, की क्लिंटनबद्दल आम्ही जे म्हटलं होतं तेच ट्रम्पनाही लागू होतं, म्हणून त्यांना पदावरून दूर करायला हवं. प्रचंड गदारोळ झाला. पण हिशोब सारखा ठेवणारा एक तरी निघाला.

मला वाटतं, पाप करणं हा इथला ढोंगीपणा नाहीच. ख्रिस्ती धर्मात पापाची कबुली आणि क्षमा या दोन्हींना जागा आहे. कार्टर तेच तर सांगत होते. ढोंग तिथे सुरू होतं, जिथे क्षमा आपल्या माणसाला आणि न्याय परक्याला असं वाटप होतं. यात सगळ्यात जास्त नुकसान क्षमेचंच होतं. ती मग क्षमा राहत नाही, पक्षाची सवलत होते.

तर, ताईला परवा उत्तर पाठवलं. ‘हो, दोन्ही मीच लिहिलंय. दोन्ही वेळा माणूस नाही, झेंडा बघितला होता.’

तिने अंगठा पाठवलाय फक्त. चिडली आहे की हसली, कळलं नाही. भेटू पुढच्या भागात.