शालजोडीचें वय

पुण्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं मागें आम्हांस आपल्या घरची काश्मिरी शालजोडी दाखविली. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यांतून ती उलगडून त्यांनीं आमच्या मांडीवर ठेविली व सांगितलें कीं, ही सवाई माधवरावांनीं आमच्या पूर्वजांस भर दरबारांत दिली. शाल उत्तम होती. परंतु पदरावरील कोयरी हातभर उंच, सडपातळ, आणि तिचें टोंक वेलीसारखें वळून शेजारच्या कोयरींत शिरलेलें. सवाई माधवराव १७९५ सालीं वारले. ही कोयरी त्यांच्या हयातींतली नव्हे, हें आम्हांस तत्काळ दिसलें. पण तें कसें बोलावें हें सुचेना.

महाराष्ट्रांत काश्मिरी शाल ही केवळ थंडीची सोय कधींच नव्हती. विद्वानाचा सत्कार असो कीं सरदाराचा निरोप असो, शालजोडीवांचून तो पुरा होत नसे. गोड शब्दांत गुंडाळून हाणलेल्या टोल्यालाही आपण 'शालजोडींतला' म्हणतों, इतकें हें वस्त्र आपल्या बोलण्यांत मुरलें आहे. जोडी कां, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. लहान लहान लांकडी काड्यांवर निरनिराळ्या रंगांचा धागा गुंडाळून जी कानी वीण विणतात, तिची उलट बाजू सुलट बाजूइतकी साफ येत नाहीं. म्हणून दोन शाली पाठीला पाठ लावून पांघरीत. अकबरास अशा दुहेरी शालींची आवड होती, ही गोष्ट अबुल फज्लानें 'ऐने अकबरी'त नमूद केली आहे.

शालीचें वय लोकरीवरून ठरवूं पाहणारा बहुधा फसतो. लडाख व तिबेट यांच्या पठारावरील बकऱ्यांच्या अंगीं थंडींत येणारी मऊ लव, म्हणजे पश्म, ही शेंदोनशें वर्षें तशीच राहिली. काळ ओळखावयाचा तो फुलावरून. जहांगीर १६२० सालीं काश्मिरांत गेला तेव्हां तेथील फुलें पाहून वेडावला व मन्सूर या चित्रकाराकडून त्यानें शंभरावर फुलें काढवून घेतलीं. त्या शतकांतील शालीच्या पदरावर दिसतें तें फूल असेंच जिवंत आहे. एक रोप, मोकळ्या जागेंत सुटें उभें, फूल किंचित् वांकलेलें, कधीं तळाशीं मुळ्याही दाखविलेल्या. उंची वीतभराच्या पलीकडे क्वचितच जाई. पुढच्या शतकांत एकाच देठावर अनेक फुलें दाटलीं. रोपाचा गुच्छ झाला, गुच्छ कधीं फुलदाणींत बसला, त्याचा शेंडा एका बाजूस कलला. त्या शतकाच्या अखेरीस गुच्छाभोंवतीं रेषा घट्ट होऊन तिची कोयरी बनली. तरी अजून आंतलीं फुलें मोजतां येत, व दोन कोयऱ्यांच्या मध्यें कोरी जागा असे. १८१५ नंतर ती जागाही बारीक नक्षीनें भरूं लागली. १८३० नंतर कोयरी लांबत गेली, आणि शतकाच्या मध्यास ती इतकी ताणली गेली कीं शालीचें मधलें कोरें अंग, ज्यास विणकर मतन म्हणत, तें कित्येक शालींत तळहाताएवढेंच उरलें. या वाढीस सुधारणा म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. ज्यानें एक रोप मोकळें सोडलें त्याला रिकाम्या जागेचें मोल कळत होतें. पुढें गिऱ्हाईक पॅरिसचें झालें, आणि भरगच्चपणालाच किंमत येऊं लागली.

हा क्रम कोणी मनानें रचलेला नव्हे. सन ठाऊक असलेल्या तसबिरींनीं तो ठरविला. हिंदुस्थानांतून परतलेल्या कॅप्टन जॉन फूट याचें देशी पोषाखांतील चित्र रेनॉल्ड्सनें १७६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत काढलें. अँग्र याचें शाल पांघरलेल्या मादाम रिव्हिएरचें चित्र १८०६ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. चित्रकारानें शालीवरची नक्षी नीट उतरविली असेल, तर चित्राचा सन शालीस मर्यादा घालतो. असे पुरावे जुळवून जॉन अर्विन यांनीं १९५५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, व पुढील अभ्यासकांस वाट सांपडली. विल्यम मूरक्रॉफ्ट हा १८२२-२३ सालीं श्रीनगरांत राहिला होता. त्यानें मागावाल्यांपासून रफूगरापर्यंत साऱ्या धंद्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे, तें तर प्रत्यक्ष साक्षच होय.

फूल पाहून झाल्यावर शाल उलटी करावी. पाठीमागें कापलेल्या धाग्यांचे तुटके अंश दिसले, तर ती यंत्रमागावरची विलायती नक्कल, मग ती स्कॉटलंडांतील पेझलीची असो कीं फ्रान्समधील लिओंची. शालीच्या तुकड्यांना जोड आहेत कीं ती अखंड आहे, हें बोटांनीं चांचपावें. मागणी वाढली तेव्हां एकच शाल अनेक मागांवर तुकड्यातुकड्यांनीं विणून रफूगराकडून सांधूं लागले. नक्षी विणलेली नसून सुईनें भरलेली असेल, तर ती अमली शाल. मूरक्रॉफ्टच्या सांगण्याप्रमाणें ही रीत ख्वाजा युसुफ नांवाच्या आर्मेनियन व्यापाऱ्यानें १८०३ नंतर रूढ केली. जांभळा रंग संशयास्पद भडक दिसला तर १८५६ हें साल आठवावें. त्या सालीं पर्किन यानें पहिला कोळशाच्या डांबराचा रंग शोधला, तत्पूर्वीं असा रंग कोणा विणकराच्या हातीं पडणें शक्यच नव्हतें.

येथें उतावीळपणा मात्र नसावा. शालीचें मतन झिजे, हाशिया टिके. मग जुना हाशिया काढून तो नव्या पोतास लावीत. अशा शालीस दोन वयें असतात. जुनें फूलही कोणी हौसेनें पुन्हां विणतो. म्हणून एखाद्या वस्त्रांतील सर्वांत जुनें अंग पाहून हर्ष मानूं नये. सर्वांत नवें अंग शोधावें, कारण आज हातीं असलेलें वस्त्र त्याच्या आधीं पुरें झालें असणें संभवत नाहीं.

आमच्या मांडीवरील शालजोडीचें सर्वांत नवें अंग म्हणजे तिची कोयरी, व तिचे तुकडे रफूनें सांधलेले. रंग सारे जुन्या पद्धतीचे. आमच्या अजमासें ती १८४० च्या आसपासची. शेवटीं आम्ही तें सांगितलें. वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला, आणि क्षणभर आम्हांस वाटलें कीं गप्प बसतों तर बरें होतें.

पण १८१८ सालीं पेशवाई गेली, तशा शाली देणारे हात गेले नाहींत. साताऱ्याची गादी १८४८ पर्यंत होती. बडोदें, ग्वाल्हेर, इंदूर येथील दरबार होते. कंपनी सरकारही पोषाख वांटीत असे. १८४६ च्या अमृतसरच्या तहांत गुलाबसिंगानें इंग्रजांस दरसाल द्यावयाच्या नजराण्यांत एक घोडा व बारा बकऱ्या यांच्याबरोबर तीन शालजोड्या घातल्या आहेत. आणि ब्रह्मावर्तास दुसरे बाजीराव १८५१ पर्यंत हयात होते. पुणें सुटल्यावर हें घराणें कोणाच्या आश्रयास राहिलें, कोणाशीं इमान राखलें, हा या वस्त्रांतला खरा इतिहास. सवाई माधवरावांचें नांव त्यावर पांघरलें गेल्यानें तो चार पिढ्या झांकून राहिला.

हें ऐकून ते बराच वेळ शालीवरून हात फिरवीत बसले. मग त्यांनीं विचारलें, "म्हणजे पेशव्यांनीं दिली हें खरें असूं शकेल, फक्त पेशवे दुसरे?" आम्ही म्हटलें, असूं शकेल, पण कागद पाहिल्यावांचून सांगवत नाहीं. माळ्यावर दप्तराचे सात रुमाल आहेत, ते कोणी सोडलेले नाहींत, असें ते म्हणाले. दसऱ्यानंतर ऊन दाखवावयास ते खालीं काढणार आहेत, तेव्हां येण्याचें आम्ही कबूल केलें आहे.