झोपेची गोळी, घोरणे आणि स्लीप ॲप्निया

रात्री जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जाग येणे आणि सकाळी डोके जड होणे, असा त्रास असलेले अनेकजण ‘झोप नीट लागत नाही’ म्हणून झोपेची गोळी घेतात. पण झोपमोडीमागे स्लीप ॲप्निया असेल, तर हीच गोळी धोका वाढवू शकते.

श्वास का अडतो?

घशाचा वरचा भाग मऊ असतो. तो उघडा ठेवण्याचे काम स्नायू करतात. त्यातला महत्त्वाचा जिनिओग्लॉसस हा स्नायू जीभ पुढे ओढून धरतो. झोपेत तो सैल पडतो. लठ्ठपणा, जाड मान, मोठे टॉन्सिल किंवा लहान जबडा असेल तर वाट बंद होते. श्वास किमान १० सेकंद थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. ऑक्सिजन कमी होताच मेंदू तुम्हाला क्षणभर जागे करतो आणि श्वास सुरू होतो. म्हणजे ही जाग तुमचे संरक्षण करते.

कोणती औषधे त्रास वाढवतात?

- अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम: स्नायू सैल करतात आणि जागही उशिरा येऊ देतात.
- झोल्पिडेम: स्नायूंवर परिणाम कमी, पण जाग येणे लांबू शकते.
- ट्रामाडोल, कोडीन, मॉर्फिन: मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालनाच मंदावते.
- गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन: विशेषतः वरील औषधांसोबत किंवा फुप्फुसाचा आजार असल्यास जपून.
- सुस्ती आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे: इतर गोळ्यांसोबत सुस्ती वाढते.

दारूचाही परिणाम असाच होतो. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणे जिवावर बेतू शकते.

तुम्ही काय कराल?

- रोजची गोळी मनाने एकदम बंद करू नका; अल्प्राझोलामसारखी औषधे अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात. डोस डॉक्टरच कमी करतील.
- शेजाऱ्याची किंवा जुन्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका.
- ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना घोरण्याबद्दल आणि सर्व गोळ्यांबद्दल सांगा.
- दिवसा डुलकी येत असेल तर गाडी चालवू नका. मुक्ताईनगरमधून जाणाऱ्या सुरत–नागपूर महामार्गावर रात्री ट्रक किंवा केळीची गाडी चालवणाऱ्यांनी तपासणी टाळू नये.

तपासणी आणि उपचार

मुक्ताईनगर परिसरातील रुग्णांनी आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. गरज पडल्यास ते जळगावला कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवतील. जाताना घोरण्याचा मोबाइल व्हिडिओ आणि गोळ्यांची पाकिटे न्या. झोपेच्या चाचणीत श्वास तासाला किती वेळा थांबतो किंवा उथळ होतो, हे मोजतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पेक्षा जास्त तीव्र.

मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार आहे. हवेच्या दाबाने ते घसा उघडा ठेवते. वजन घटवणे आणि कुशीवर झोपणेही उपयोगी. लठ्ठ रुग्णांमधील मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते वजन कमी करून काम करते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घेऊ नये.

लगेच मदत घ्या

गोळी घेतल्यावर माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार मंद असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ वर फोन करा. ‘गाढ झोपलाय’ म्हणून तसेच सोडू नका.