डब्लिनच्या डब्यातला जांभळट खडा

आजचा भाग रत्नांवर आहे, पण कोहिनूरवर नाही. कोहिनूरवर बोलून बोलून आपण सगळेच थकलोय. आज बोलायचंय ते जगात अगदी मोजकेच सापडलेले खडे जमवण्याच्या छंदाबद्दल. असा छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तिजोरीवाला कोणीतरी अब्जाधीश येतो. म्हणून मी मुद्दाम अशा माणसाची गोष्ट निवडली आहे, ज्याला त्याचं रत्न मोडीतल्या खड्यांमध्ये मिळालं.

माणसाचं नाव रिचर्ड टाफ. जन्म १८९८. घराणं मूळचं आयरिश, पण कित्येक पिढ्या ऑस्ट्रियाच्या दरबारी स्थिरावलेलं. आजोबा एडुआर्ड टाफ हे १८७९ ते १८९३ ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते! पहिल्या महायुद्धात रिचर्डचे वडील ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिले, म्हणून ब्रिटिशांनी १९१९ साली त्यांची ‘व्हायकाउंट’ ही पदवी काढून घेतली. त्याच वर्षी ऑस्ट्रियानेही आपल्याकडची सरदारकी रद्द केली. म्हणजे एकाच वर्षात दोन्हीकडून गेलं. नातू पुढे डब्लिनला येऊन राहिला. रत्नशास्त्र शिकलेला होता आणि खड्यांचं वेड होतंच.

तर झालं असं. १९४५ सालचा ऑक्टोबर. युद्ध नुकतंच संपलेलं. डब्लिनमधल्या एका सराफाकडे जुन्या, मोडलेल्या दागिन्यांतून निघालेले खडे डब्यांमध्ये पडून होते. खरे, खोटे, काचेचे, सगळे एकत्र. टाफने त्यातले निवडून घेतले, घरी नेले, धुतले, रंगांप्रमाणे वेगळे केले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायला सुरुवात केली. त्यात एक फिकट जांभळट खडा होता. वजन १.४१९ कॅरेट, म्हणजे पाव ग्रॅमहून किंचित जास्त. पाहताक्षणी कोणीही म्हणालं असतं, स्पिनेल.

स्पिनेल म्हणजे आपले जुने रत्नपारखी ज्याला लालडी म्हणतात तो दगड. तो लालच असतो असं नाही, जांभळा, निळा, गुलाबीही असतो. लाल असला की माणिक म्हणून खपतो, आणि शतकानुशतकं खपलेला आहे. इंग्लंडच्या राजमुकुटातलं ते प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’, तेही लालडीच. (माझ्या आजीच्या अंगठीत एक माणिक आहे. ते खरं माणिक आहे की लालडी, हे तपासून घ्यायचं धाडस मी अजून केलेलं नाही.)

टाफच्या खड्याचा रंग स्पिनेलचा, वजन-घनतेचा हिशेब जवळपास स्पिनेलचा. पण त्यातून पाहताना पलीकडच्या बाजूवरचे बारीक ओरखडे आणि धुळीचे कण त्याला दोन-दोन दिसत होते. आता स्पिनेलमध्ये शिरलेला प्रकाशाचा किरण एकच राहतो, दुभंगत नाही. तो त्या दगडाचा स्वभावच नाही. काही स्फटिकांमध्ये किरण दुभंगतो आणि मग मागची रेघ दोनदा दिसते. या खड्यातलं दुभंगणं अगदी थोडं होतं, सहज नजरेआड झालं असतं. आणि खरं सांगायचं तर पुष्कळांच्या नजरेआड झालंही असणार. ज्याने तो कापला, ज्याने दागिन्यात बसवला, ज्याने मोडीत काढला, त्या सगळ्यांच्या हातून तो स्पिनेल म्हणूनच गेला.

१ नोव्हेंबर १९४५ला टाफने तो खडा लंडनला बी. डब्ल्यू. अँडरसनकडे पाठवला. लंडनच्या चेंबर ऑफ कॉमर्सची ही प्रयोगशाळा १९२५ साली निघाली ती मोत्यांसाठी. कल्चर्ड मोती बाजारात आले आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली, म्हणून. अँडरसनचं उत्तर ५ नोव्हेंबरचं: हा स्पिनेल आहे की काही नवीनच, सांगता येत नाही.

इथे मला खरी अडचण दिसते. नवं खनिज सिद्ध करायचं तर त्यात काय काय आहे ते कळायला हवं. त्यासाठी त्या काळी नमुना खर्ची घालावा लागे. एरवी खनिज खडकात सापडतं, ढीगभर असतं, फोडा हवं तेवढं. इथे जगात ठाऊक असलेला एकच तुकडा, तोही पैलू पाडून चकचकीत केलेला. कुठल्या देशातला, कुठल्या खाणीतला, काही पत्ता नाही. संग्राहकाला विचारा, एकुलत्या एका खड्याला कानस लावू देशील का? टाफने तुकडा काढू दिला. ब्रिटिश म्युझियमच्या क्लॅरिंगबुल आणि हे या दोघांनी तपासणी केली, आणि बेरिलियम व मॅग्नेशियम दोन्ही मूळ घटक म्हणून असलेलं ते पहिलंच खनिज ठरलं. १९५१ साली नाव जाहीर झालं, टाफाइट. दोन देशांनी पदव्या काढून घेतलेल्या घराण्याचं नाव एका दगडावर बसलं.

दरम्यान अँडरसनचा सहकारी पेन याला १९४९ साली लंडनमध्येच दुसरा टाफाइट सापडला, ०.८६ कॅरेटचा. तोही आधीच पैलू पाडलेला. मग जगभरच्या हौशी लोकांनी आपापले स्पिनेलचे डबे पुन्हा उघडले असतील, तर नवल नाही! पुढे कळलं की हे खडे श्रीलंकेच्या नदीकाठच्या रेती-गोट्यांत मिळतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका खड्याला नवं खनिज समजून ‘टाप्रोबनाइट’ असं नावही दिलं गेलं. टाप्रोबेन म्हणजे ग्रीकांच्या तोंडचं आपलं ताम्रपर्णी, लंकेचं जुनं नाव. नंतर तपासलं तर तो टाफाइटच निघाला. नाव छान होतं, वाया गेलं.

आता काही जण विचारतील, दुर्मिळातला दुर्मिळ खडा तो पेनाइट ना? हो, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा. १९५७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर कित्येक दशकं त्याचे नमुने एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. मग २००० नंतर मोगोकलाच त्याची नवी ठिकाणं सापडली आणि तुकडे पुष्कळ निघाले. आधी घेऊन ठेवलेल्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. ज्याने केवळ आकड्यासाठी घेतला तो हळहळला असणार. ज्याला स्फटिकच आवडायचा, त्याच्याकडचा स्फटिक होता तसाच राहिला. मी कुणाच्या बाजूने आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

२००२ साली खनिजांची नावं नव्याने लावताना टाफाइटच्या नावापुढे ‘मॅग्नेशिओ’ जोडलं आणि मागे काही आकडे-अक्षरं लागली. बाजारात आणि संग्राहकांत मात्र टाफाइटच चालतं. खुद्द टाफ १९६७ साली वारला. तोवरही जगाला ठाऊक असलेले टाफाइट बोटांवर मोजण्याइतकेच होते.

भेटू पुढच्या भागात.