त्या पंचाहत्तर रुपयांविषयी

शिक्षक दिनाच्या भाषणात ते पंचाहत्तर रुपये हमखास येतात. टिळक-आगरकरांनी महिना ७५ रुपयांत काम केलं, आणि आताचे प्राध्यापक बघा... वगैरे.

आकडा खरा आहे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ मध्ये फर्गसन कॉलेज. सरकारी कॉलेजात याच्या कितीतरी पट पगार होता. पण भाषणात अर्धीच गोष्ट येते. आजीव सभासदांनी वीस वर्षं काम करायचं वचन दिलेलं असे. म्हणजे वीस वर्षं जागाही आपली! शिवाय कॉलेजचा रोजचा कारभार हीच मंडळी चालवत. कोणी काय शिकवायचं, पगार किती, हे मास्तरच बसून, भांडून ठरवत.

माझी भाची एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. झालेल्या तासांचेच पैसे, तेही कधीतरी. दर जूनला नवी मुलाखत. तिला ७५ रुपयांचा दाखला देणाऱ्यांनी वीस वर्षांचंही बोलावं की!

अर्थात तेव्हाचंही सगळं गोड नव्हतं. वामन शिवराम आपट्यांनी कॉलेज सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश केला, १८९० मध्ये छापला, आणि दोनच वर्षांनी, प्राचार्य असतानाच गेले. वय ३४. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. ते दम्याने बेजार. १८९५ मध्ये गेले, वय ३८. पगार वाढवून दिला असता तर ते जगले असते असं मी म्हणत नाही. पण अशा माणसांच्या 'त्यागा'वर टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतो.

आणि भांडण? तेही झालंच. टिळकांचं म्हणणं, सभासदाने सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामं आणि मिळकत नको. इतरांना ते जाचक वाटे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा फारच ताणलं, आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. तत्त्व म्हणून टिळकांचं पटतं, पण माझं मत दुसऱ्या बाजूला.

कारण टिळकांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये आले ते धोंडो केशव कर्वे. त्यांनी १९१४ पर्यंत शिकवलं. मधल्या काळात, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम पुढे हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेज सुटलं की कर्वे पायी तिकडे जात. ते 'बाहेरचं काम'च होतं. १९१६ चं महिला विद्यापीठ त्यातूनच उभं राहिलं.