अनुदीप्त प्रथिने : शोध व वापर

विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ तत्काळ उत्सर्जित करणारी प्रथिने. कोशिकाविज्ञानात व रेणवीय जीवविज्ञानात ती खुणेसाठी वापरतात. पूर्वी कोशिकेतील एखादे प्रथिन नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी कोशिका बहुधा रसायनांनी स्थिर करून, म्हणजेच मारून, रंगवावी लागे. त्यामुळे रचना दिसे; हालचाल दिसत नसे.

ओसामू शिमोमुरा व फ्रँक जॉन्सन यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील फ्रायडे हार्बर येथे सु. १०,००० जेलीफिश गोळा केले. त्यांपासून निळा प्रकाश देणारे एक्वोरिन वेगळे करताना त्यांना हिरवी अनुदीप्ती असलेले दुसरे प्रथिनही आढळले. १९६२ च्या निबंधात त्याची नोंद केवळ तळटीपेत आहे.

डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये या २३८ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाच्या जीनाची प्रत मिळवून तिचा क्रम प्रसिद्ध केला आणि ती इतर संशोधकांनाही दिली. मात्र पुढे अनुदानाअभावी त्यांना हे काम सोडावे लागले. तोच जीन मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये जीवाणूत व सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या स्पर्शग्राही तंत्रिका कोशिकांत घातला आणि त्या जिवंतपणीच हिरव्या दिसू लागल्या. प्रथिनातील वर्णधारी भाग त्याच्याच तीन ॲमिनो अम्लांपासून, ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होतो. जेलीफिशमधील दुसरे कोणतेही द्रव्य लागत नाही. रॉजर त्सिएन यांनी ही क्रिया स्पष्ट केली व अधिक तेजस्वी आणि निरनिराळ्या रंगांची रूपे तयार केली. शिमोमुरा, चॅल्फी व त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका पारितोषिकाचे मानकरी तिघांहून अधिक नसतात; प्रॅशर त्यांत नव्हते.

महाराष्ट्रातही या तंत्राचा उपयोग झाला आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये संध्या कौशिका यांच्या गटाने त्याच सूत्रकृमीच्या स्पर्शग्राही तंत्रिकांतील पुटिकांना (सूक्ष्म पिशव्यांना) अनुदीप्त खूण जोडून त्यांची वाहतूक जिवंत प्राण्यात पाहिली. ॲक्टिन प्रथिन विपुल असलेल्या ठिकाणी पुटिकांची कोंडी होते, असे या गटाने २०१८ मध्ये दाखविले. स्थिर केलेल्या कोशिकेत पुटिकांचा समूह दिसला असता. त्या तेथे कशा अडतात व पुन्हा कशा सुटतात, हे दिसले नसते.

या तंत्राला मर्यादाही आहेत. खुणेमुळे मूळ प्रथिनाचे वर्तन बदलू शकते आणि तीव्र प्रकाशाने कोशिकेस इजा पोहोचते. म्हणून निष्कर्ष अन्य पद्धतींनी पडताळून पाहणे आवश्यक ठरते.